उरलेले भागिले आलेले

गाण्याचा उत्सव चांगला झाला की नाही, हे ठरवण्याची आमच्या ड्राफ्ट्समनसाहेबांची एक रीत होती. पहिला कलाकार बसला तेव्हा किती माणसं होती आणि शेवटचा उठला तेव्हा किती उरली होती, एवढे दोनच आकडे घ्यायचे. उरलेले भागिले आलेले. उत्तर पाऊणच्या वर आलं तर उत्सव झाला. अर्ध्याच्या खाली आलं तर ते म्हणायचे, "मियाँ, हा जेवणाचा कार्यक्रम होता. मध्ये थोडं गाणं झालं."

आकडे घ्यायचं काम माझ्याकडं होतं. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांनी मला निवडलं होतं. "कळणारा माणूस समेवर मान हलवतो आणि त्याची मोजणी चुकते," असं त्यांचं म्हणणं. मी परभणीच्या पाटबंधारे कार्यालयात मोजणीदार होतो. पाटाच्या पाण्यावर कुणाचं किती रान भिजलं ते बांधावर जाऊन मोजायचं आणि लिहून आणायचं, ही माझी नोकरी. ते त्याच कार्यालयात नकाशे काढायचे. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. माझ्या बायकोसमोरसुद्धा मी 'मोजणीदार'च. मी त्यांना साहेब म्हणायचो, आणि इथंही तेवढंच म्हणणार आहे.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते पाथरीच्या एका बँडवाल्यामुळं. त्याला एकदा तरी मैफलीत बसवून, नीट ऐकायचं, असं साहेबांनी मनावर घेतलं होतं आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची सोळा वर्षांची एक सवय मोडली. पण तिथं जायच्या आधी साहेब काय चीज होते ते सांगायला पाहिजे.

उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात चार पेन्सिली. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं बोलण्यात 'बिलकुल' आणि 'तकलीफ' सारखं यायचं. एका शनिवारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मोजणीदार, उद्या काय करता?"

"घरीच आहे."

"घरी तर माणूस असतोच. वालूरला चला."

वालूरला एक डॉक्टर आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ शाळेच्या ओसरीत गाणं ठेवायचे. तिकीट नाही, पत्रिका नाही, पाहुणा नाही. त्या काळी जिल्ह्यात असे लहान लहान उत्सव बरेच होते. कुठं एखादा शिक्षक करायचा, कुठं कापडवाला, कुठं चार भाऊ मिळून. सरकारचा संबंध नाही, मोठ्या नावाचा माणूस नाही. पंचक्रोशीतले गाणारे, एक तबला, एक पेटी आणि दुपारी पिठलं-भाकरी. साहेब त्यातल्या दिवसा होणाऱ्याच उत्सवांना जायचे, कारण रात्री परत यायला गाडी नसायची. वर्षात असे सात-आठ रविवार निघायचे.

वालूरला पोचल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ओसरीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. मान तिरपी करून ऐकलं. मग तंबोरा घेऊन बसलेल्या माणसाला म्हणाले, "दीड हात डावीकडं सरका."

"कामून?"

"तिथं आवाज भिंतीत जातोय."

तो सरकला. पुढं मी पाहिलं की सगळेच सरकायचे. चारठाण्याच्या जुन्या देवळात तर त्यांनी एका गायकाला अकरा वेळा जागा बदलायला लावली. बाराव्या वेळी तो गायक म्हणाला, "साहेब, आता तुम्हीच गा, मी टाळ्या वाजवतो."

वालूरला ध्वनिक्षेपक होता. साहेबांना तो बिलकुल सहन व्हायचा नाही. वायर जिथं जोडली होती तिथं जाऊन त्यांनी ती काढली आणि त्याच जागेवर आपली सतरंजी घालून बसले. माईकवाला आला.

"ओ साहेब, मागच्यायला ऐकू येईना की."

"मग मागचे पुढं येतील."

"आन् न्हाई आले तर?"

"तर त्यांना ऐकायचं नव्हतं."

मागचे पुढं आले. मी मोजत असल्यामुळं मला नक्की माहीत आहे, सव्वीस जण उठून पुढं येऊन बसले. चौसष्ट आलेले, त्रेपन्न उरलेले. बसमध्ये मी भागाकार करून सांगितला, तेव्हा साहेबांनी खिडकीतून बाहेर बघत फक्त "हं" म्हटलं. पण उतरताना माझी पिशवी त्यांनी धरली.

त्यांच्या पसंतीची एक खूण होती, आणि ती कुणालाच कळायची नाही. ते कधी 'वा' म्हणायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. गाणं खरोखर आवडलं की ते उठायचे, माठाजवळ जायचे आणि पेलाभर पाणी पिऊन परत यायचे. आवडलेलं पोटात उतरायला पाणी लागतं म्हणे. जिंतूरला एक निवृत्त गुरुजी होते. वय सत्तरीच्या पुढं, पण सकाळचे राग काय गायचे, असं सगळे सांगत. एकदा ते रंगात आलेले असताना साहेब उठले आणि चालायला लागले. गुरुजींनी गाणं थांबवलं.

"आवडत नसेल तर जावं माणसानं. पण असं मधूनच उठून?"

साहेब माठाशी उभे, हातात पेला. शेवटी मीच उठून सांगितलं, "गुरुजी, ते फक्त चांगल्या गाण्याला पाणी पितात. माझ्याकडं लिहिलेलं आहे. गेल्या वर्षात चारच वेळा प्यायले."

गुरुजी तंबोरेवाल्याला म्हणाले, "माठ त्यांच्याजवळ ठेव रे."

मोठ्या महोत्सवांना साहेब जात नसत. एकदा कुणाच्या तरी आग्रहानं औरंगाबादला गेले आणि मध्यंतरात परत आले. सोमवारी कार्यालयात मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "तिथं कुणी गाणं ऐकत नव्हतं, मोजणीदार. गाणं ऐकायला कोण कोण आलंय ते बघत होते." दोनशेच्या वर माणसं जमली की तो बाजार, हा त्यांचा कायदा होता.

माझा आवडता उत्सव हुरड्याच्या दिवसांतला. पाथरीच्या अलीकडं एका लहान शेतकऱ्याच्या मळ्यात आंब्याखाली सतरंज्या घातल्या जायच्या. सकाळी गाणं, मग हुरडा, मग पुन्हा गाणं. एका वर्षी एकोणतीस माणसं आली. शेवटी मोजली तर सदतीस. मी पुन्हा मोजली. सदतीसच.

"उत्तर एकापेक्षा जास्त येतंय," मी साहेबांना सांगितलं.

"येऊच शकत नाही. उरलेले आलेल्यांपेक्षा जास्त कसे?"

मी बोट दाखवलं. शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या आठ बाया ओटीतल्या कापसासकट बांधावर येऊन बसल्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्या वहीकडं पाहिलं आणि म्हणाले, "लिहून ठेवा. एक पूर्णांक अठ्ठावीस. असं पुन्हा होणार नाही." तसं पुन्हा झालं नाही, हे खरं आहे.

त्यांची बायको मात्र गाण्याला कधी आली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "भाऊजी, हे घरात असले की कुकरची शिट्टीसुद्धा वरच्या सुरात लागते म्हणून बोलणी खाते मी. एक रविवार तरी माझा राहू द्या."

आता पाथरीची गोष्ट.

कार्यालयाच्या कामासाठी आम्ही दोघं पाथरीला गेलो होतो. दुपारचे बारा वाजून गेले होते. रस्त्यात एक वरात अडकली होती, कारण नवरदेवाचा घोडा एका जागी उभा राहिला होता आणि हलायला तयार नव्हता. चार माणसं घोड्याची समजूत घालत होती. बँडवाले लिंबाच्या सावलीत जाऊन बसले होते. एकटा क्लॅरिओनेटवाला खोडाला टेकून उभा होता. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी, वय चाळिशीचं. त्यानं वाद्याची पत्ती जिभेनं ओली केली आणि हळूच काहीतरी वाजवायला लागला. कुणासाठी नाही, आपलं आपण.

साहेब रस्त्याच्या मध्यात थांबले. एक जीप हॉर्न देत बाजूनं गेली, तरी त्यांना पत्ता नाही.

"सारंग," ते म्हणाले. "मोजणीदार, किती वाजले?"

"बारा वीस."

"सारंग दुपारचाच राग. हा माणूस वेळ बघून वाजवतोय. वरातीत."

तेवढ्यात घोडा हलला. "मास्तर, चला," कुणीतरी ओरडलं आणि मास्तर सिनेमाचं गाणं वाजवत पुढं झाले. आमचं काम राहिलं आणि आम्ही त्या वरातीच्या मागं चालत मांडवापर्यंत गेलो. तिथं आम्हाला जेवायलाही बसवलं, कारण मुलीकडच्यांना आम्ही मुलाकडचे वाटलो आणि मुलाकडच्यांना मुलीकडचे.

जेवणं झाल्यावर साहेबांनी मास्तरांना गाठलं.

"कुणाकडं शिकलात?"

"बापाकडं. आन् दर्ग्यात एक सनईवाले बाबा व्हते, त्यायच्याकडं नऊ वर्सं."

"वरात सोडून कुठं वाजवता?"

"कुठं वाजवनार साहेब? आमी बँडवाले."

परतीच्या गाडीत साहेबांनी ठरवून टाकलं. एका गावच्या देवळात चैत्रात उत्सव व्हायचा. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. साहेब त्या उत्सवाला सोळा वर्षं एकदाही न चुकता गेले होते आणि कोण गाणार हे बरंचसं त्यांच्याच शब्दावर ठरायचं. यंदा तिथं मास्तर वाजवणार.

मास्तर दलित वस्तीतले होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंग्यांना चार-पाच वर्षं झाली होती. त्या दंग्यांत ज्यांची घरं जळाली त्यांतली बरीच आमच्याच जिल्ह्यातली होती, हे लिहिल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. देवळाच्या मंडळींनी दोन दिवस मागून घेतले आणि मग निरोप दिला की वाजवायला आमची ना नाही, पण आत मंडपात नको. दारात उभं राहून वाजवू द्या. सनईवाले वाजवतातच की दारात.

साहेब चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच आलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्या गावी गेले. मी टेप धरली, त्यांनी मापं लिहिली. दार नऊ फूट रुंद, समोरचा चौक बावन्न बाय अडतीस. त्यांनी दारात उभं राहून टाळी वाजवली, चौकात चार ठिकाणी मला उभं करून विचारलं, ऐकू आलं का. मग आठ दिवस खपून नकाशा काढला. मास्तर दारात, आणि झाडून सगळे श्रोते बाहेर चौकात, दाराकडं तोंड करून. मंडप पूर्ण रिकामा. मंडळींचीही अट मोडत नाही आणि मास्तरांसमोर अख्खा उत्सव येऊन बसतो. इतका सुरेख नकाशा मी त्यांच्या हातून पाहिला नव्हता. एकेका श्रोत्यासाठी एकेक ठिपका होता, एकशे चाळीस ठिपके. मी ते मोजून बरोबर असल्याचं सांगितलं. आम्ही दोघंही फार खूश होतो.

रविवारी तो नकाशा घेऊन आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं बाज टाकली, चहा ठेवला. साहेबांनी नकाशा उलगडला आणि समजावून सांगितलं. मास्तर वाकून बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो मोठा चौकोन कशाचा?"

"तो मंडप. तिथं कुणीच नसेल. सगळे बाहेर, तुमच्यासमोर."

"म्हंजी मंडप रिकामा ऱ्हाईल, पर मी त्यात जायचा न्हाई."

मास्तरांनी त्या चौकोनावरून बोट फिरवलं.

"साहेब, चित्र लय बेस काढलंय. असं कुणी आमच्यासाठी काढलं न्हाई. पर ह्याच्यात मी कुठं उभं ऱ्हायाचं ते तुमी ठरवलं न्हाई, मी ठरवलं न्हाई. त्यायनी ठरवलंय. तुमी नुसते ठिपके काढलेत."

चहा देता देता त्यांची बायको म्हणाली, "दारात वाजवायला ह्यायला सालभर लग्नं हायेत की. त्याच्यासाठी देवळात कशाला जायाचं?"

मास्तर हसले. नकाशाची नीट घडी घालून त्यांनी साहेबांच्या हातात दिली. "बसून वाजवायचं असंल, आतमंदी, चार मानसासारखं, तर सांगा. येतो. न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आपली वळख ऱ्हाईल."

परतीच्या गाडीत मानवत येईपर्यंत साहेबांनी तो नकाशा दोनदा उलगडून पाहिला. मग म्हणाले, "मोजणीदार, नकाशा बरोबर होता ना?"

"मापं बरोबर होती."

"मी मापं विचारत नाही."

"मग चुकला होता," मी म्हटलं. "आणि टेप मी धरली होती, तेव्हा माझाही चुकला होता."

दुसऱ्या दिवशी ते त्या मंडळींकडं गेले. मी बरोबर होतो. तिथले प्रमुख एक कापडाचे व्यापारी, माणूस एरवी चांगला, आम्हाला दरवर्षी स्वतः वाढायचा. ते म्हणाले, "साहेब, सोळा वर्षं येताय तुम्ही. एका बँडवाल्यासाठी एवढं? आत्ता कुठं गाव शांत झालंय."

"शांत नाही. गप्प झालंय," साहेब म्हणाले. "ते आत बसून वाजवणार नसतील तर मीही येणार नाही."

"नका येऊ," व्यापारी म्हणाले. त्यांना वाटलं असावं, येतील.

साहेब गेले नाहीत. उत्सवाच्या दिवशी सुट्टी असून ते कार्यालयात येऊन बसले. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तेव्हा ते कालव्याची एकच रेघ काढत होते, खोडत होते आणि पुन्हा काढत होते. मला म्हणाले, "आत्ता गुरुजी बसले असतील." थोड्या वेळानं म्हणाले, "मास्तरांना बसवायला पाटबंधारे कॉलनीतलं सिमेंटचं गोदाम बघून आलो. टाळी वाजवून बघितली मी. फार घुमतं."

"माझ्या पुढच्या खोलीत बावीस माणसं बसतात," मी म्हटलं. हे मी आधी मोजून ठेवलं होतं. घर नुकतंच बांधलं होतं, चौदा बाय बाराची खोली.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बावीस?"

"दाटीनं चोवीस. पण तबल्याला हात हलवायला जागा राहणार नाही."

अशा रीतीनं जिल्ह्यातला सगळ्यात लहान संगीत उत्सव माझ्या घरी ठरला. बायकोला सांगितलं तेव्हा तिनं एकच अडचण काढली, "माणसं बावीस आणि कपबश्या चौदा." चहा दोन पाळ्यांत करायचा ठरला. शेजारचे एक गृहस्थ फाटकाशी येऊन म्हणाले, "ऐकलं की तुमच्याकडं गाणं आहे. कोण कोण येणार?"

"बावीस."

"तसं नाही विचारलं मी."

"मला तसंच सांगता येतं," मी म्हटलं. ते तेविसावे म्हणून आले नाहीत, पण त्यांची बायको आली आणि दारात बसून राहिली.

मास्तरांना निरोप दिला तर त्यांनी उलट निरोप पाठवला. वाजवतो, पण शेवटी. साहेब अडले. शेवटची जागा मानाची, ती वयानं मोठ्या कलाकाराची, आणि जिंतूरचे गुरुजीही येणार होते. साहेबांनी नियम कधी मोडला नव्हता. "मास्तर चांगले आहेत, पण गुरुजींच्या नंतर? तकलीफ आहे, मोजणीदार." दोन दिवस त्यांनी तळमळून काढले. शेवटी आम्ही जिंतूरला जाऊन गुरुजींनाच विचारलं.

गुरुजी म्हणाले, "मला साडेअकराला झोप येते. मला पहिला बसवा आणि त्यांना काय ते शेवटी बसवा. मी त्यांच्या वाजवण्यात झोपलो तर मात्र उठवू नका."

रविवारी सकाळी नऊला सुरुवात. साहेबांनी माझ्या खोलीत टाळी वाजवली आणि म्हणाले, "खोली ठीक आहे, पण ते कपाट बोलतंय." कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट चौघांनी उचलून अंगणात नेलं. गुरुजींनी तोडी गायली. साहेब एकदा पाणी प्यायले. मग वालूरच्या डॉक्टरांनी पेटी वाजवली आणि पावणेबाराला मास्तर बसले. लाल कोट नव्हता, पांढरा शर्ट होता. त्यांच्याबरोबर बायको, भाऊ आणि बँडमधले दोघं आले होते. ते भिंतीला टेकून बसले. तबल्यावर स्टेशनवरचे एक पार्सल क्लार्क होते.

मास्तरांनी मांडी घातली, सूर लावला आणि सुरू केलं. पण काहीतरी चुकत होतं. क्लॅरिओनेटचा भोंगा मांडीला लागायचा. ते वाद्य थोडं वर उचलायचे, मग मान अवघडायची. दम मध्येच तुटायचा. आयुष्यभर त्यांनी उभ्यानं वाजवलेलं, चालत वाजवलेलं. बसून कधी वाजवलंच नव्हतं. त्यांच्या भावानं खाली बघायला सुरुवात केली. मी साहेबांकडं पाहिलं. ते माठाकडं नाही, जमिनीकडं बघत होते. ज्या बसण्यासाठी एवढं केलं ते बसणंच आडवं येत होतं, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

आठव्या मिनिटाला मास्तर थांबले. कपाळ पुसलं.

"बसून दम पुरंना," ते म्हणाले. "मी उभा ऱ्हातो."

विचारलं नाही, सांगितलं. ते उठले. साहेबांनी तोंड उघडलं. ख्याल उभ्यानं वाजवत नाहीत, हे त्यांच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. मग ते म्हणाले, "तुमचा दम तुम्हाला माहीत, मास्तर."

पार्सल क्लार्कनं विचारलं, "मग मीसुद्धा उठू का?"

"तुमी बसा," मास्तर म्हणाले. "तुमाला कुठं वरातीत जायाचंय?"

खोली हसली आणि त्या हसण्यातच त्यांनी सूर लावला. कपाट होतं त्या जागी, भिंतीला पाठ लावून, माझ्या घराच्या बरोबर आत ते उभे होते. गाण्यातलं मला तेव्हाही कळत नव्हतं, म्हणून मला जे माहीत आहे तेच सांगतो. पाटाच्या कोरड्या चारीला पाणी सोडलं की आधी नुसता पालापाचोळा पुढं सरकतो, माती पाणी पिते, आपल्याला वाटतं हे पाणी शेवटच्या रानापर्यंत जाणार नाही. आणि मग एका क्षणी चारी भरते आणि पाणी आवाज न करता चालायला लागतं. तसं झालं. एक्केचाळीस मिनिटं ते वाजवत होते. गुरुजी झोपले नाहीत.

वाजवणं संपलं. मास्तर वाद्य हातात धरून साहेबांकडं बघत होते. त्यांची बायकोही बघत होती. एवढ्या खटपटीनंतर आता हा माणूस काय म्हणतो?

साहेब म्हणाले, "गंधार कुठून आला?"

माझ्या बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की पाहुण्याशी हे असं बोलतात का?

"कंचा गंधार?" मास्तर म्हणाले.

"दोनदा आला. सारंगात गंधार नसतो. तो सूर त्या रागात वर्ज्य आहे."

"अहो, जेवण तरी होऊ द्या त्यांचं," डॉक्टर मध्ये पडले.

पण मास्तर खाली बसले. अगदी साहेबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून. त्यांचा चेहरा उजळला होता. "साहेब, वीस वर्सं वाजवायलो मी. कुणी म्हनलं जोरात वाजव, कुणी म्हनलं आता बास कर. अमुक सूर चुकला म्हनून आजवर एकानं सांगितलं न्हाई. तेवढं आयकतंय कोन?"

"म्हणजे चुकला ना?"

"न्हाई चुकला. आमचे सनईवाले बाबा असाच घ्यायचे. नुसता शिवून जायाचं, थांबायचं न्हाई. तुमाला तो थांबल्यावानी वाटला, तर तुमचे कान चुकले."

"माझे कान?"

"आयका पुन्यांदा."

त्यांनी पुन्हा वाजवलं. साहेब म्हणाले, आला. मास्तर म्हणाले, आला न्हाई, गेला. गुरुजी म्हणाले, दोघंही गाढव आहात, आणि स्वतः गाऊन दाखवायला लागले. भाकऱ्या गार झाल्या. मास्तरांच्या बायकोनं माझ्या बायकोला वाढायला मदत केली आणि म्हणाली, "वाढा तुमी. हे आता भांडून उठायचे न्हाईत. पोट भरलंय ह्यांचं." साहेब आणि मास्तर एका हातानं जेवत आणि दुसऱ्या हातानं सूर दाखवत भांडत राहिले.

पाथरीची गाडी पावणेतीनला होती. मी तीन वेळा आठवण केली. ती गेली. मग सव्वाचारच्या गाडीसाठी सगळे मिळून स्टँडवर गेलो. मास्तरांच्या बायकोनं आणि भावानं जागा धरली. मास्तर गाडीच्या पायरीवर उभे, साहेब खाली.

"तुम्ही नीट ऐकतच नाही," साहेब म्हणत होते.

"तुमीच आयकंना झालाव. घरी बाबांचं जुनं वाद्य हाय, त्याच्यावर दावतो."

कंडक्टरनं घंटेच्या दोरीला हात घातला. "अहो, कोण येणार आहे, कोण राहणार आहे, ठरवा लवकर."

साहेबांनी मागं वळून पाहिलं. "मोजणीदार, आमच्या घरी सांगा, मी पाथरीला गेलोय," ते म्हणाले आणि गाडीत चढले.